पिकावरचे औषध आणि आपले ताट



आपल्या ज्येष्ठांच्या मंडळात हल्ली एकच प्रश्न फिरून फिरून येतो. चहा झाला, कुणाची शुगर किती आणि कुणाचा गुडघा कसा हे विचारून झाले, की कुणीतरी म्हणते, "अहो, टमाटा-काकडी सगळ्यावर विष मारतात म्हणे. मग माणसाने खायचं तरी काय?" लगेच दुसऱ्या बाई सांगतात की त्यांची सून फक्त 'ऑर्गॅनिक' आणते. तिसऱ्या बाई हळूच सांगतात की ऑर्गॅनिक आपल्या पेन्शनीत बसत नाही, म्हणून त्यांनी फळे आणणेच कमी केले आहे.

हे ऐकून आम्ही हा लेख लिहायला घेतला. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकरीही नव्हे. तीस-बत्तीस वर्षे इथे नेगेवच्या बाजूला इस्पितळात नर्सची नोकरी केली. त्यातली बरीच वर्षे तातडीच्या विभागात गेली. त्यामुळे फवारणीच्या औषधाची ओळख आम्हाला भाजीपेक्षा खाटेवरच जास्त झाली. शाळा आमची मुलूखात झाली, कोकणात. तेव्हा मराठीत काही चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे. आजी-आजोबांनी हा लेख नातवंडांना वाचून दाखवावा, कारण मध्ये त्यांच्यासाठी टोळ आहेत आणि घुबडेही आहेत.

आधी एका शब्दाची गंमत. आपल्या मुलूखात शेतकरी कधी "कीटकनाशक फवारतो" म्हणत नाही. तो म्हणतो, "औषध मारतो." आंब्याला औषध मारले, कपाशीला औषध मारले. नर्सच्या कानाला हे विचित्र लागते. पण विचार केला तर शब्द चुकीचा नाही. औषध म्हणजे योग्य मापात घेतलेले विष, हे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवले होते. माप, वेळ आणि कुणाच्या हातात आहे, या तीन गोष्टी बदलल्या की औषधाचे काय होते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता, हे औषध नसते तर काय?

आपल्यापैकी ज्यांचे बालपण गावी गेले त्यांना हे सांगायला नको. भात झोडून कणगीत भरले की लढाई संपली असे नव्हते, तिथून दुसरी सुरू व्हायची. टोके, सोंडे, पाखरे, उंदीर. आमच्या आजीबाई कणगीत थर थर करून निर्गुडीचा आणि कडुलिंबाचा पाला घालायच्या. वाल-कुळथाला राख चोळायच्या, तूरडाळीला एरंडेल लावायच्या. तरी श्रावणात सूप घेऊन बसले की तांदळात चालणारे जीव निघायचेच. आपले लोक पूर्वी तेलाचा घाणा चालवायचे, त्यामुळे करंजाची कडू पेंड घरात असायची. ती झाडांच्या बुंध्याशी टाकली की वाळवी आणि किडे लांब राहतात हे म्हाताऱ्यांना ठाऊक होते. म्हणजे कीटकनाशक हे काही गोऱ्यांनी आणलेले नाही. आपल्या आज्या ते मुठीने वापरत होत्या.

श्रीवर्धन-अलिबागकडच्या मंडळींना 'बोर्डो' हा शब्द आठवत असेल. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग धरायचा, कोवळी सुपारी कुजून टपाटपा गळायची. तो लागू नये म्हणून गडी सरसर पोफळीवर चढून निळसर पाणी फवारायचे. तेच बोर्डो. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून करतात. फ्रान्सच्या बोर्दो भागात 1885 च्या सुमारास द्राक्षांच्या रोगासाठी ते निघाले, म्हणून हे नाव. आमच्या समजुतीप्रमाणे तो बोर्डोवाला म्हणजे कुणी माणूसच असावा, असे आम्ही लहानपणी धरून चाललो होतो!

बोर्डो निघायच्या चाळीस वर्षे आधी आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला. 1845 पासून सलग काही वर्षे बटाटा जमिनीतच सडला. गरिबांचे सारे जेवण बटाट्यावर. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि भुकेपाठोपाठच्या रोगांनी मेली, आणि तेवढीच देश सोडून गेली. सरकारचा नाकर्तेपणा त्यात होताच, पण सुरुवात एका बुरशीसारख्या रोगाने केली. त्या वेळी त्यावर मारायला काही नव्हते. पुढे बोर्डो आले तेव्हा तोच करपा आटोक्यात येऊ लागला.

आजही, एवढी सगळी औषधे असताना, जगातल्या पिकांपैकी 20 ते 40 टक्के कीड, रोग आणि तण खातात असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे दहा पोत्यांतली दोन ते चार पोती आपल्या ताटापर्यंत येतच नाहीत. औषध अजिबात नसेल तर किती जातील, हे पिकावर आणि हवेवर अवलंबून. ज्वारी-बाजरी तग धरेल, पण टमाटा, बटाटा, सफरचंद, द्राक्ष यांचे कठीण आहे.

बालमित्रांनो, आता टोळांची गोष्ट.

पेसाहच्या रात्री आपण बोट बुडवून दहा संकटे मोजतो, त्यातले आठवे 'अर्बे', म्हणजे टोळधाड. पुष्कळ मुलांना वाटते की ही फारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तसे नाही. एक टोळ रोज आपल्या वजनाएवढे, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम खातो. दोन ग्रॅम म्हणजे कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या. पण एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. एवढा थवा एका दिवसात 35,000 माणसांचे अन्न फस्त करतो. आपल्या दिमोनाएवढ्या गावाचे एका दिवसाचे जेवण समजा.

1915 साली, पहिल्या महायुद्धात, या देशावर तुर्कांचे राज्य होते. त्या मार्चमध्ये टोळ आले आणि काही महिने मुक्काम ठोकून राहिले. जेरुसलेममध्ये दिवसा अंधार झाला. आले ते गेले, पण जमिनीत अंडी घालून गेले. मग पिल्ले निघाली, त्यांना पंख नव्हते, ती चालत निघाली आणि वाटेतल्या अंजिराची, जैतुनाची, द्राक्षवेलींची सालसुद्धा सोलून खाल्ली. त्या वेळचे फोटो आहेत: पानांनी भरलेले एक अंजिराचे झाड, आणि तेच झाड नंतर हाडासारखे पांढरे. सरकारने हुकूम काढला की 15 ते 60 वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने 20 किलो अंडी गोळा करून आणून द्यावीत, नाहीतर दंड भरावा. तुर्की सेनापती जमाल पाशाने या कामावर नेमला तो अतलीतचा शेतीशास्त्रज्ञ अहरोन अहरोन्सोन, ज्याने 1906 मध्ये गव्हाचा रानटी पूर्वज शोधून काढला होता. पण त्याच्या हातात फवारा नव्हता. माणसे चर खणायची, झेंडे हलवून, डबे बडवून पिल्लांना त्यात हाकायची आणि पुरायची किंवा जाळायची. पुरले नाही. पिके गेली, वर युद्ध, समुद्राचा रस्ता बंद. लोक उपाशी मेले.

आता 2013 चा मार्च घ्या. पेसाहला तीन आठवडे असताना मिसरकडून (पुन्हा मिसरच!) टोळ नेगेवमध्ये उतरले. आम्ही तेव्हा नोकरीतून निवृत्त झालेले. शेजारपाजारची मुले काचेच्या बरण्या घेऊन पळत सुटली. येमेनी शेजाऱ्यांच्या आजोबांनी तर तळून खाल्ले, कारण त्यांच्या परंपरेत काही जातीचे टोळ कोशेर आहेत. आम्हाला आग्रह झाला, आम्ही हात जोडले. सरकारने विमानांतून आणि जमिनीवरून फवारणी केली. मागे राहिलेल्या अंड्यांतून पिल्ले निघाली तेव्हा पुन्हा केली. काही शेतांचे नुकसान झाले, पण देशाला भाजी कमी पडली नाही. आजोबांनी नातवंडांना 1915 आणि 2013 या दोन सालांत काय फरक होता ते विचारावे.

2020 च्या मे महिन्यात टोळ राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून आपल्या विदर्भात, अमरावती-नागपूरपर्यंत पोचले. टोळ दिवसा उडतो आणि संध्याकाळी झाडावर बसतो. म्हणून रात्रीच्या वेळी, अग्निशामक दलाचे बंब लावून झाडांवर फवारणी केली. त्या वर्षी सगळे जग करोनाने घरात बसलेले, आणि ही माणसे रात्री शेतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल की नर्सबाई औषध कंपनीच्या झाल्या. थांबा.

आमच्या वयाच्या लोकांना डीडीटीवाले आठवत असतील. हिंदुस्थान सरकारने 1953 मध्ये हिवतापाविरुद्ध मोहीम काढली. खाकी कपड्यांतली माणसे पंप घेऊन गावात यायची. भांडीकुंडी, अंथरुणे, पाळणा सगळे अंगणात. मग भिंतींवर पांढरे पाणी मारायचे आणि दारावर तारीख लिहून जायचे. आम्ही पोरे त्यांच्या मागे मागे, वास नाकात भरून घेत. ढेकूण पटापट पडायचे म्हणून आयाबाया खूश. आणि खरोखरच फरक पडला. 1947 मध्ये देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, तो 1965 च्या आसपास एक लाखावर आला. आमच्या आळीत थंडी वाजून येणे बंद झाले. डीडीटीचा हा गुण शोधणारे स्वित्झर्लंडचे पॉल म्यूलर, त्यांना 1948 मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते उगीच नाही.

पण डासही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. जे मेले ते मेले, जे तगले त्यांची पिल्ले डीडीटी पचवणारी निघाली. 1976 मध्ये हिवतापाचे रोगी पुन्हा 64 लाखांवर गेले. ढेकणांनी तर त्याच्या कितीतरी आधी डीडीटीला भीक घालणे सोडले होते. पिकावरच्या किडीचेही असेच होते. पहिल्या वर्षी एक झाकण औषध पुरते, पाच वर्षांनी तीन झाकणे लागतात, मग दुसरे औषध, मग दोन्ही मिसळून. आम्ही रोग्यांच्या बाबतीत पाहिले की अँटिबायोटिक उठसूट दिले की पुढे ते लागू पडत नाही. हा त्याचाच भाऊ.

दुसरे म्हणजे डीडीटी जाता जात नाही. ते मातीत राहते, माशाच्या चरबीत साठते, मासा खाणाऱ्या पक्ष्यात त्याहून जास्त. गरुडांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली की आई उबवायला बसली की फुटायची. अमेरिकेत रेचेल कार्सन या बाईंनी 1962 मध्ये पुस्तक लिहून हे सगळे चव्हाट्यावर आणले. त्यांच्यावर पुष्कळ चिखलफेक झाली. 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटी बंद केले. हिंदुस्थानात 1989 मध्ये शेतीसाठी ते बंद झाले, हिवतापासाठी मात्र चालू राहिले.

डीडीटीची जागा ज्या औषधांनी घेतली त्यात एक मोठे घराणे आहे, ऑर्गॅनोफॉस्फेट. नाव बोजड आहे, पण काम समजायला सोपे. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूला निरोप देतो तेव्हा एक रसायन सुटते. घंटी वाजवल्यासारखे. निरोप पोचला की दुसरे एक रसायन येऊन ती घंटी बंद करते. हे औषध त्या बंद करणाऱ्यालाच धरून ठेवते. मग घंटी वाजतच राहते. किडा तडफडून मरतो तो याने. माणसाची रचना या बाबतीत किड्यापेक्षा फार वेगळी नाही.

ऐंशीच्या दशकात एकदा शेतावरच्या एका कुटुंबाचा मुलगा आमच्याकडे आला. चार वर्षांचा होता. गोदामात कोलाच्या बाटलीत कुणीतरी औषध ओतून ठेवले होते. तहान लागली, मुलाने तोंडाला लावली. एकच घोट घेतला असावा, कारण चव वाईट. आणला तेव्हा लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, चादर घामाने ओली, हातापायांचे मांस कातडीखाली वळवळत होते. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. बाहुल्या पाहिल्या की आमच्या डॉक्टरांना दुसरे काही विचारावे लागत नसे. कपडे काढून, केसांपासून नखांपर्यंत साबणाने धुऊन काढणे हे नर्सचे काम. तेही हातमोजे घालून, कारण विष आपल्यालाही कातडीतून लागते. मग ॲट्रोपीन. एक इंजेक्शन, पाच मिनिटे थांबून दुसरे, मग दुप्पट, मग पुन्हा. छातीतला पाण्याचा आवाज कमी होईपर्यंत. त्या रात्री आम्ही किती कुप्या फोडल्या त्याची मोजदाद आम्ही चिकटपट्टीवर रेघा ओढून ठेवली होती. पहाटे त्याने पाणी मागितले. बाप बाहेर भिंतीशी उभा होता तो आत यायलाच तयार नव्हता.

तो मुलगा वाचला. सगळेच वाचले नाहीत.

ॲट्रोपीन हे आपल्या धोतऱ्याच्या कुळातल्या झाडापासून निघते. कोकणात धोतरा कुंपणाकडेला उगवतो आणि मुलांना त्याच्या जवळ जाऊ देत नाहीत. विषावर विष असा प्रकार. 1991 च्या आखाती युद्धात आपल्याला घरोघर गॅस मास्कची पेटी मिळाली होती, त्यात एक आपोआप टोचणारी सुई होती ना? तीही ॲट्रोपीनचीच. कारण लढाईतला नर्व्ह गॅस आणि शेतातले हे औषध एकाच घराण्यातले. जर्मनीत 1930 च्या दशकात किडे मारायचे औषध शोधता शोधताच पहिला नर्व्ह गॅस हाती लागला. पेट्या वाटल्या तेव्हा शेजारणी घाबरून विचारायच्या, "हे काय गं?" आम्ही म्हणायचो, हे आमच्या रोजच्या ओळखीचे आहे.

मुलूखातूनही बातम्या येत राहतात. 1984 च्या डिसेंबरात भोपाळचा जो कारखाना फुटला तो कीटकनाशकाचाच होता. एका रात्रीत हजारो माणसे गेली. 2013 च्या जुलैमध्ये बिहारमधल्या एका शाळेत दुपारचे जेवण खाऊन 23 मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होते, ऑर्गॅनोफॉस्फेटच. आणि 2017 मध्ये आपल्या महाराष्ट्रात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. खालून वर फवारायचे, वारा तोंडावर, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला फार तर एक रुमाल, पायात चप्पल. मजुराला बाटलीवरची चिठ्ठी वाचता येत नाही, आणि वाचली तरी उन्हात प्लॅस्टिकचा डगला घालून दिवसभर कोण काम करील? हा विषय आला की आम्हाला राग येतो. भाजी खाणाऱ्याच्या भीतीवर कार्यक्रमच्या कार्यक्रम होतात, फवारणाऱ्याचे नाव कुणी काढत नाही. इथेही उन्हात फवारा पाठीवर घेणारा बहुतेक परदेशी मजूर असतो, थायलंडचा. त्याला हिब्रू वाचता येत नाही.

मग बंदच करून टाकावे का सगळे? एका देशाने करून पाहिले. श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी 2021 च्या एप्रिलमध्ये रासायनिक खते आणि औषधे परदेशातून आणायला एका फटक्यात बंदी घातली. उद्यापासून सगळा देश सेंद्रिय. पुढच्या सहा महिन्यांत भाताचे पीक सुमारे पाचव्या हिश्शाने घटले. तांदळात स्वतःच्या पायावर उभा असलेला देश परदेशातून तांदूळ आणू लागला. चहाचेही नुकसान झाले. नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. त्यात खतांचा वाटा मोठा होता, पण धडा औषधांनाही लागू. रोग्याचे औषध एका दिवसात तोडायचे नसते, हे आमच्या वॉर्डातल्या झाडूवाल्या बाईलाही माहीत होते.

हळूहळू तोडण्याचे काम मात्र आपल्या या देशात चांगले चालले आहे, आणि ते बघायला आम्ही ज्येष्ठांच्या सहलीबरोबर बेथ शआनच्या खोऱ्यात गेलो होतो. तिथे स्दे एलियाहू नावाचा किबुत्झ आहे. तिथले लोक किडे पाळतात! खरेच. स्ट्रॉबेरी आणि ढोबळी मिरचीवर लाल कोळी नावाची बारीक कीड पडते. तिला खाणारी दुसरी एक बारीक कीड ते लाखांनी वाढवतात, भुशात मिसळून बाटलीत भरतात आणि शेतकऱ्याला विकतात. शेतकरी ती मीठ भुरभुरावे तशी पिकावर भुरभुरतो. अराव्यातल्या ढोबळी मिरचीवरची फवारणी यामुळे खूपच कमी झाली.

संत्र्यावर पडणाऱ्या फळमाशीची युक्ती तर आणखी मजेची. नर माश्यांवर किरण मारून त्यांना नपुंसक करतात आणि विमानातून सोडतात. बिचारी मादी लग्न करते, पण अंड्यांतून काही निघत नाही. माशीला सरहद्द समजत नाही, म्हणून हे काम अराव्यात जॉर्डनबरोबर मिळून करतात.

आणि घुबडे! उंदरांवर विष घातले की ते उंदीर खाऊन ससाणे, घारी मरायच्या. म्हणून 1980 च्या दशकात स्दे एलियाहूच्या शेतांत लाकडी पेट्या टांगल्या आणि त्यात गव्हाणी घुबडे राहायला आली. तेच ते पांढऱ्या बदामी तोंडाचे. एक जोडपे पिल्लांसकट वर्षाला दोन हजारांहून जास्त उंदीर खाते. दिवसपाळीला ससाण्याच्या जातीचा एक छोटा पक्षी आणि रातपाळीला घुबड, नर्सच्या ड्युटीसारखे. तेल अवीव विद्यापीठाचे प्रोफेसर योस्सी लेशेम यांनी हे काम देशभर पसरवले, आता हजारो पेट्या आहेत. जॉर्डनच्या आणि पॅलेस्टिनी शेतकऱ्यांनीही पेट्या लावल्या. तिकडे घुबड अपशकुनी मानतात, त्यामुळे आधी लोक तयार होईनात. आम्हाला हसू आले. आमच्या गावी घराच्या कौलावर घुबड बसले की आजी मीठ-मिरची ओवाळायला धावायची!

तरीही खोटे कशाला सांगा, इस्राएलमध्ये दर हेक्टरी औषधाचा वापर विकसित देशांत वरच्या क्रमांकात मोजला गेला आहे. हवा गरम, हिवाळा कडक नाही, त्यामुळे कीड मरत नाही. एका जमिनीत वर्षाला अनेक पिके. शिवाय गिऱ्हाइकाला डाग पडलेला टमाटा नको.

आपल्या लोकांची अडचण आणखी एक पायरी पुढची. किडा खाणे आपल्याला मना आहे. कोबी, फुलकोबी, कोथिंबीर, मेथी यांत एक जीव निघाला तरी घरात गडबड. म्हणून 'किडे नसलेली' पालेभाजी बंद जाळीच्या हरितगृहात वाढवतात. जाळीने बरेच काम होते, राहिलेले औषधाने होते. म्हणून पिशवीवर "किडे नाहीत" लिहिले असले तरी ती भाजी न धुता खायची नाही.

आता ताटाकडे येऊ. आमचे मत सरळ आहे. भाजी-फळे बंद करू नका. ज्या बाईंनी फळे कमी केली त्यांना बद्धकोष्ठ आणि रक्तदाबाचा त्रास आजच आहे, ताटातल्या औषधाच्या अंशाची भीती त्याहून फार लांबची. औषध मारल्यावर तोडणीपर्यंत ठरावीक दिवस थांबायचे असा नियम असतो, त्या दिवसांत उन्हाने आणि पाण्याने बरेच औषध उतरते. उरलेल्यातले पुष्कळसे आपल्या मोरीत जाते. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, नुसते भिजवून ठेवू नका. काकडी, गाजर, बटाटा ब्रशने घासा. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने फेकून द्या. मेथी-कोथिंबीर पाने सुटी करून तीन पाण्यांतून काढा, आपण मुलूखात चिखल काढायला काढायचो तशी. साबण लावू नका, तो फळात शिरतो. मलिद्याच्या तबकातली सफरचंदे, द्राक्षेही आदल्या दिवशी नीट धुवा. केळे सोलायचे असले तरी धुवा, कारण सोलणारा हात तोच. ऑर्गॅनिक परवडत असेल तर खुशाल घ्या, पण तेही धुवा. त्यांनाही काही औषधे मारायला परवानगी असते, बोर्डोतले मोरचूद त्यातलेच. आणि वनस्पतीपासून निघाले म्हणजे निरुपद्रवी असे समजू नका. तंबाखूचे पाणी पूर्वी पिकावर मारत, ते माणसालाही मारते.

ज्यांनी घरामागे कढीपत्ता, मिरच्या, अळू लावले आहे त्यांना हात जोडून विनंती. शेतीचे औषध ओळखीच्या मोशावमधून बाटलीत मागून आणू नका. माव्याला साबणाचे पाणी आणि कडुलिंबाचे तेल पुरते. आणलेच असेल तर मूळ डब्यातच, कुलपात. कोलाच्या, पाण्याच्या, तेलाच्या बाटलीत कधीही नाही. रिकाम्या डब्यात काही भरू नका.

कुणाच्या अंगावर सांडले तर कपडे काढा, साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, 101 ला फोन करा आणि डबा किंवा त्याचे नाव बरोबर घ्या. पोटात गेले असेल तर ओकारी काढायला लावू नका, मीठपाणी पाजू नका.

राहता राहिला एत्रोग. सुक्कोथच्या एत्रोगवर एक ठिपका चालत नाही, म्हणून त्याला इतर फळांपेक्षा फार जास्त औषध मारतात. तो खाण्यासाठी वाढवलेला नसतोच. सण संपला की त्याच्या सालीचा मुरंबा करायची आपल्यातल्या काही घरांत चाल आहे, आणि मुरंब्यात तर सालच मुख्य. फवारणी न केलेला एत्रोग मिळाला तरच करा. आम्ही लवंगा टोचून तो कपड्यांच्या कपाटात ठेवतो, वर्षभर वास राहतो. मुरंबा शेजारणीच्या अंगणातल्या लिंबांचा.